गर्व : संचारी की स्थायी?

टॉल्किनचे ‘द हॉबिट’ (१९३७) आणि ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ (१९५४-५५) हे ग्रंथ आता मराठीत आले आहेत. आपल्या विद्यापीठीय वर्तुळात मात्र त्यांची बोळवण दोन वाक्यांत केली जाते. पहिले वाक्य असे, की हे मुलांचे वाङ्मय आहे, प्रौढ समीक्षेने त्यात वेळ दवडू नये. दुसरे असे, की यात नवीन ते काय. यक्ष, गंधर्व, किन्नर, विद्याधर हे सारे आमच्या पुराणांत होतेच. एका वाक्यात अद्भुताचा तिरस्कार आहे, तर दुसऱ्यात अद्भुतावर मालकी सांगण्याची घाई आहे. दोन्हींचा परिणाम मात्र एकच होतो : संहिता वाचावी लागत नाही. प्रस्तुत लेखाचा रोख या न-वाचनावर आहे, आणि त्यासाठी महाकाव्यात्म अद्भुतकथेतील एकच प्रश्न येथे घेतला आहे. एल्फ या कल्पित जमातीच्या ठायी ज्ञान, गर्व आणि सामर्थ्य यांचा परस्परसंबंध कोणता, आणि तो समजून घेण्याची साधने आपल्या साहित्यविचारात आहेत की नाहीत?

प्रथम एक गैरसमज दूर करावयास हवा. एल्फ म्हणजे परी नव्हे. फुलाच्या पाकळीत मावणारी, पारदर्शक पंखांची चिमुकली आकृती ही एलिझाबेथकालीन इंग्रजी कल्पकतेची देणगी होय. शेक्सपिअर आणि ड्रेटन यांनी रूढ केलेल्या या लघुकरणाविरुद्ध टॉल्किनने १९३९ साली सेंट अँड्र्यूज येथे दिलेल्या परीकथाविषयक व्याख्यानात स्पष्ट नापसंती व्यक्त केली होती. त्याआधीचा एल्फ लहान नव्हता आणि गोंडस तर मुळीच नव्हता. जुन्या इंग्रजी वैद्यकग्रंथांत एल्फांमुळे होणाऱ्या व्याधी आणि त्यांवरील उतारे सांगितलेले आहेत. हे वाचताना आमच्या पेण-रोहा पट्ट्यातील वाचकाला यक्ष आठवत नाही, आठवतात त्या साती आसरा. कुंडलिकेच्या किंवा भोगावतीच्या डोहाकाठी, जुन्या विहिरीच्या कठड्याशी मांडलेले सात तांदळे, त्यांना वाहिलेले हळदकुंकू, आणि भलत्या वेळी पाण्याशी गेलेल्या बाईला झालेली ‘बाधा’. ‘आसरा’ हा शब्द अप्सरेवरून आला असला तरी डोहातील आसरा इंद्रसभेत नाचत नाही. तिला सामर्थ्य आहे, कोप आहे. नाही तो इतिहास. ती कोठून आली, तिने काय गमावले, तिला कशाचा पश्चात्ताप होतो, हे कोणी विचारीत नाही. युरोपीय लोकसमजुतीतील एल्फही असाच इतिहासहीन होता. टॉल्किनने केले ते एवढेच, आणि ते फार मोठे आहे : त्याने या भयप्रद शेजाऱ्याला भाषा दिली, वंशावळ दिली, आणि त्याच्या गर्वाला परिणामांची शृंखला जोडली.

ही शृंखला ‘सिल्मरिलियन’मध्ये (लेखकाच्या मृत्यूनंतर १९७७ साली त्याच्या पुत्राने संपादून प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात) उलगडते. एल्फांच्या तीन प्रमुख शाखांपैकी नोल्डोर ही ज्ञानाची शाखा. त्यांच्या नावातच ज्ञानाचा अर्थ आहे. परंतु हे ज्ञान उपनिषदातील ब्रह्मज्ञान नव्हे, ते कारागिराचे ज्ञान आहे. फेआनोर हा त्यांच्यातील सर्वश्रेष्ठ कारागीर दोन दिव्य वृक्षांचा प्रकाश तीन रत्नांत बंदिस्त करतो. पुढे ते वृक्ष नष्ट होतात. रत्ने फोडली तर वृक्ष पुन्हा जगतील, असे देवतुल्य शक्ती त्याला सांगतात. तो नकार देतो, कारण अशी निर्मिती एकदाच होते, ती मोडली तर आपणही मोडू, असे त्याला वाटते. येथे रचनेतील एक बारकावा लक्षात घेण्याजोगा आहे. त्याने नकार दिला त्या वेळी रत्ने त्याच्या कोठारातून आधीच चोरीला गेलेली होती. होकार दिला असता तरी ती हाती लागणार नव्हती. म्हणजे व्यवहारात त्या नकाराला काहीच अर्थ नव्हता. नैतिकदृष्ट्या मात्र पुढचे सारे त्यातूनच घडते. बाह्य परिणाम शून्य असलेल्या एका शब्दावर एवढ्या मोठ्या आख्यानाचा भार टाकणे हे मुलांच्या वाङ्मयाचे लक्षण आहे काय? माझ्या मते, निर्मात्याचे ज्ञान आणि निर्मात्याचा गर्व यांच्यात सांधा कोठे असतो हे दाखविणारा याहून नेमका प्रसंग विसाव्या शतकातील कथावाङ्मयात शोधून काढावा लागेल.

त्यानंतर येते ती शपथ. फेआनोर आणि त्याचे सात पुत्र प्रतिज्ञा करतात, की ही रत्ने जो कोणी बाळगील, मग तो देव असो, दैत्य असो वा स्वजन, त्याचा आम्ही पाठलाग करू. या शपथेपायी एल्फ एल्फांचीच हत्या करतात, स्वेच्छेने निर्वासित होतात, आणि शेवटी उरलेल्या दोन रत्नांना हात लावताच माएद्रोस आणि माग्लोर या वाचलेल्या दोघा पुत्रांचे हात पोळतात. ज्या वस्तूवरचा हक्क सिद्ध करण्यासाठी शतके खर्ची पडली, ती वस्तूच तो हक्क नाकारते. यापूर्वी त्या दोघा भावांत, शपथ मोडावी की पाळावी, यावर जो संवाद होतो, तो आपल्या पदव्युत्तर वर्गात शोकात्मिकेच्या तासाला शिकवावा अशा योग्यतेचा आहे.

आता ‘आमच्याकडे यक्ष होतेच’ या दाव्याकडे वळू. हा दावा मला टाकाऊ वाटत नाही. म्हणूनच तो नीट तपासला पाहिजे. मराठीत यक्ष सर्वांत अधिक वेळा आला तो ‘मेघदूता’च्या वाटेने. कृष्णशास्त्री चिपळूणकरांपासून कुसुमाग्रज, बोरकर, शान्ता शेळके यांच्यापर्यंत अनेकांनी ते मराठीत आणले. त्या मालिकेत आमच्या रोह्याचे चिंतामणराव देशमुखही आहेत. ज्यांच्या नावावर रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नरपद (१९४३) आणि केंद्रीय अर्थमंत्रिपद (१९५०-५६) आहे, त्यांनी देवांच्या खजिनदाराने निलंबित केलेल्या सेवकाची कैफियत मराठीत आणावी, हा योगायोग गमतीचा आहे. तेच देशमुख १९५२ साली कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर गेले आणि मुंबईच्या प्रश्नावर १९५६ साली मंत्रिपद सोडून मोकळे झाले. अधिकारात चूक झाल्यामुळे पद गमावलेला यक्ष, आणि स्वाभिमानासाठी पद सोडणारा अनुवादक! या दोहोंतील अंतर हाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे असे म्हटले तरी चालेल.

कारण कालिदासाचा यक्ष आपला महिमा गमावतो तो स्वामीच्या शापाने. शापाला मुदत आहे : एक वर्ष. मुदत संपली की महिमा परत मिळणार, अलका परत मिळणार, कांता परत मिळणार. यक्षाच्या ठायी गर्वाचा अंशही नाही असे नव्हे. थोराकडे केलेली याचना वाया गेली तरी पत्करेल, हलक्याकडून मिळालेले नको, असे तो मेघाला सांगतोच. परंतु हा गर्व त्याच्या दुःखाचे कारण नाही, त्याच्या दुःखाचा अलंकार आहे. फेआनोरच्या पुत्रांचे दुःख याच्या उलट आहे. त्यांना कोणी शापिले म्हणून ते बांधले गेले नाहीत. ते स्वतःच्या शब्दाने बांधले गेले, आणि त्या शब्दाला मुदत नाही. संस्कृतात ‘शाप’ आणि ‘शपथ’ हे दोन्ही शब्द एकाच ‘शप्’ धातूपासून येतात. आपल्या कथापरंपरेने त्यांतील शापाची बाजू विलक्षण समृद्ध केली. शापाने शिळा होणे, अजगर होणे, मनुष्यजन्म येणे, आणि उःशापाने सुटणे, हे आपल्या आख्यानांचे यंत्रच आहे. या यंत्रात दोष बाहेरून येतो आणि सुटकाही बाहेरून येते. शपथेच्या कथेत मात्र उःशाप द्यायला कोणी नसते.

येथे कोणी म्हणेल, केनोपनिषदातील यक्षाचे काय? अग्नीला आणि वायूला एक गवताची काडी देऊन देवांचा विजयमद उतरविणारा तो यक्ष, किंवा वनपर्वात चार पांडवांना निश्चेष्ट पाडून युधिष्ठिराला प्रश्न विचारणारा यक्ष. यांच्यात ज्ञान आहे, सामर्थ्य आहे, आणि गर्वाची परीक्षाही आहे. मान्य. परंतु हे दोन्ही यक्ष मुखवटे आहेत. एकाच्या मागे ब्रह्म आहे, दुसऱ्याच्या मागे धर्म. प्रश्न संपले की यक्ष संपतो. त्याला स्वतःचे असे काही गमवायचे नाही, म्हणून त्याची कथाही नाही. एल्फाच्या मागे कोणी उभे नाही. जो बोलतो तोच चुकतो आणि तोच भोगतो. यक्षाला एल्फाचा पर्याय म्हणून बसविणारा अभ्यासक हा फरक पुसून टाकतो, आणि मग ‘आमच्याकडेही होते’ या समाधानापलीकडे त्याच्या हाती काहीच राहत नाही.

वस्तुतः आपल्या परंपरेत एल्फाचा सगोत्र शोधावयाचाच असेल तर तो यक्षलोकात नसून हस्तिनापुरात आहे. स्वतःच्या शब्दाने बांधलेला, इच्छामरणी, पिढ्यान्‌पिढ्या जगून आपल्याच कुलाचा ऱ्हास पाहणारा, शस्त्रात आणि शास्त्रात अजोड असलेला भीष्म. इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये (१९६७) त्याच्या त्यागाला हात घालून, या त्यागामुळे किती जणींच्या आयुष्याची फरफट झाली, असा रोकडा हिशेब मांडला, तेव्हा त्यांनी अद्भुताची समीक्षा कशी करावी याचा वस्तुपाठच दिला होता. तो वस्तुपाठ आपण समाजशास्त्राच्या कप्प्यात ठेवून दिला.

आता साहित्यशास्त्राकडे. भरताने तेहतीस व्यभिचारी भावांत गर्वाची गणना केली आहे. त्याचे विभाव सांगताना ऐश्वर्य, कुल, रूप, यौवन यांच्या जोडीला विद्या आणि बल यांचा उल्लेख आहे. म्हणजे ज्ञान आणि सामर्थ्य यांतून गर्व उपजतो हे सूत्र आपल्याकडे दीड हजार वर्षांहून जुने आहे. अवज्ञा करणे, विचारले असता उत्तर न देणे हे अनुभावही तेथे आहेत, आणि ज्याने एल्फांच्या राजसभांची वर्णने वाचली आहेत त्याला ते चांगलेच परिचित वाटतील. परंतु व्यभिचारी म्हणजे येणारा-जाणारा. समुद्रावरच्या लाटेप्रमाणे तो स्थायी भावाला उठाव देऊन विरतो. आपल्या वर्गांत हेच शिकविले जाते, आणि येथेच आपले साधन अपुरे पडते. हजारो वर्षे जगणाऱ्या पात्राचा गर्व लाट असू शकत नाही. तो तळ असतो. फेआनोरचा उत्साह, क्रोध, शोक हे त्याच्या गर्वाचे संचारी आहेत, गर्व त्यांचा संचारी नव्हे.

मग आपले शास्त्र येथे संपते काय? मुळीच नाही, संपते ती आपली टिपणांची वही. अकराव्या शतकात भोजाने नेहमीच्या रसांत ज्या रसांची भर घातली त्यांत उदात्त आणि उद्धत हे दोन होते. उदात्ताचा स्थायी मती, उद्धताचा स्थायी गर्व. एवढेच नव्हे, तर ‘शृंगारप्रकाशा’त त्याने अहंकार हेच सर्व रसांचे मूळ मानले. हा विचार आपल्या पाठ्यपुस्तकांत ‘इतर मते’ या सदराखाली एका ओळीत उरकला जातो, कारण परीक्षेत नऊ रस विचारतात. महाकाव्यात्म अद्भुतकथेचे वाचन करू इच्छिणाऱ्या मराठी अभ्यासकाने भोजापासून सुरुवात करावी, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे. अर्थात भोजाजवळही सर्व उत्तरे नाहीत. त्याने मती एका नायकाला दिली आणि गर्व दुसऱ्याला. धीरोदात्त आणि धीरोद्धत या जुन्या विभागणीतून तोही सुटला नाही. ‘दशरूपका’ने धीरोदात्ताच्या लक्षणांत निगूढ अहंकार आणि दृढव्रत हे दोन शब्द एकत्र आणले, तेथे हा सांधा क्षणभर दिसतो. गॅलाड्रिएलच्या पात्राला हे लक्षण विलक्षण चपखल बसते. स्वतःचे राज्य असावे या आकांक्षेने ती एकेकाळी निर्वासितांबरोबर निघाली; युगांनंतर सर्वसत्ताधारी मुद्रिका कोणी आपण होऊन तिच्यापुढे धरतो, तेव्हा ती नाकारते. मात्र नाकारण्यापूर्वी, ती स्वीकारली असती तर आपण काय झालो असतो, हे ती उच्चारून दाखविते. निगूढ अहंकार एकदा प्रकट होतो आणि मग सोडला जातो. हा त्याग भीष्माच्या त्यागाहून वेगळा आहे, कारण त्याचा भार दुसऱ्या कोणावर पडत नाही.

या तिन्ही गुणांची ताटातूट पश्चिमेतच प्रथम झाली, हेही सांगितले पाहिजे. १९७४ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ निघाला. त्यात प्रत्येक पात्राच्या गुणांना आकडे दिलेले असतात : बल, बुद्धी, शहाणपण, चपळाई, काटकपणा, व्यक्तिप्रभाव. बलाला आकडा आहे, शहाणपणाला आहे, गर्वाला नाही. ही साधी गोष्ट मला फार बोलकी वाटते. गर्व मोजता येत नाही म्हणून तो वगळला गेला, आणि तो वगळताच ज्ञान व सामर्थ्य ही दोन निरुपद्रवी भूषणे उरली. त्यानंतरच्या अनुकरणात्मक कादंबऱ्यांतील कितीतरी एल्फ असे साच्यातून काढलेले आहेत : उंच, देखणे, धनुर्धारी, थोडेसे तुसडे. तुसडेपणा हा गर्वाचा अवशेष. आमच्या पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत एका साच्यातून शेकडो मूर्ती निघतात, पण डोळ्यांची आखणी करणारा हात बसेपर्यंत त्यांना कोणी मूर्ती म्हणून हाती घेत नाही. अनुकरणाच्या या बाजारात आखणीच राहून गेली. अपवाद आहेत. पोल अँडरसनच्या ‘द ब्रोकन स्वोर्ड’मधील (१९५४) थंड रक्ताचे, आत्माहीन एल्फ टॉल्किनच्या एल्फांना त्याच वर्षी दिलेले उत्तर वाटतात. उर्सुला ले ग्विन यांनी १९७३ च्या एका निबंधात, एल्फलोकीच्या सरदारांच्या तोंडी राजधानीतल्या आधुनिक राजकारण्यांची भाषा घातली की ते लोकच नाहीसे होतात, असे दाखवून दिले. भाषा हीच त्या गर्वाची देहयष्टी आहे, हा त्यांचा मुद्दा मराठी अनुवादकांनी गांभीर्याने घ्यावा असा आहे. पौराणिक नाटकांची तयार पल्लेदार भाषा हाताशी असल्यामुळे आपल्याला ही अडचण जाणवत नाही, आणि तोच धोका आहे. ती भाषा दर्प चांगला बोलते, पश्चात्ताप तिला जमत नाही.

या विषयावरील खरा गंभीर आक्षेप अजून बाकी आहे, आणि तो वास्तववाद्यांचा नसून जातिव्यवस्थेचा अनुभव असलेल्या वाचकाचा आहे. गोरे, उंच, दीर्घायुषी, जन्मानेच ज्ञानी, रक्ताच्या शुद्धतेला जपणारे आणि इतरांपासून अंतर राखणारे एल्फ, हे दुसरे तिसरे काय आहे? उच्चवर्णीयांच्या आत्मप्रतिमेचेच ते रम्य रूप नव्हे काय? हा आक्षेप झटकून टाकता येत नाही. ओर्कांची काळी, विद्रूप गर्दी समोर ठेवली की तो अधिकच बोचतो. माझे म्हणणे एवढेच, की टॉल्किनच्या संहितेत हा गर्व आरोपीच्या पिंजऱ्यात उभा आहे. एका परंपरेनुसार ओर्क हे छळाने विकृत केलेले एल्फच आहेत, असे तीच संहिता सांगते, आणि शुद्धतेच्या मुळाशीच सुरुंग लावते. कालप्रवाह थोपवून आपले सौंदर्य जसेच्या तसे टिकवू पाहणाऱ्या एल्फांना लेखकाने आपल्या पत्रव्यवहारात प्रेताला मसाला भरून जतन करणाऱ्यांची उपमा दिली आहे. हे स्तुतिपाठकाचे शब्द नव्हेत. अनुकरणकारांनी रक्त ठेवले आणि खटला काढून टाकला, हा त्यांचा अपराध.

आणि नेमके हेच आपले परंपराभिमानी अभ्यासक करतात. कोकणाच्या संदर्भात हे परशुरामाच्या कथेत स्वच्छ दिसते. ज्ञानी, बलवान, गर्विष्ठ, चिरंजीव. सारी पृथ्वी दान देऊन निघून गेलेला, बाण मारून समुद्र हटविणारा आणि स्वतःची भूमी निर्माण करणारा. ‘दशरूपका’च्या परंपरेत तो रावणाबरोबर धीरोद्धताचे उदाहरण म्हणून येतो, म्हणजे प्राचीन साहित्यशास्त्र त्याच्या गर्वाविषयी आपल्याहून स्पष्ट होते. आम्ही मात्र त्याला भूमिदाता म्हणून पूजतो, आणि पेण तालुक्यात खाडीच्या पाण्याला मातीचे बांध घालून, भरतीला फुटलेले बांध पुन्हा पुन्हा भरून ज्यांनी खारजमिनीत भाताची शेते उभी केली, त्यांच्या श्रमाला आख्यान मिळत नाही. त्याला मिळते ते ‘शिलोत्री’ हे महसुली नाव. या चिरंजीवाला जाब विचारणारा मराठी ग्रंथ एकच : जोतीराव फुल्यांची ‘गुलामगिरी’ (१८७३). फुल्यांनी त्यात चिरंजीव परशुरामाच्या नावे एक नोटीस घातली आहे. तू अमर आहेस ना, तर सहा महिन्यांच्या आत हजर हो, असे त्यात बजावले आहे. आपण ही नोटीस केवळ उपहास म्हणून वाचतो. ती त्याहून अधिक आहे. अमरत्वाचा दावा अक्षरशः खरा मानून त्यातून उत्तरदायित्व वसूल करणे, ही महाकाव्यात्म अद्भुतकथेची मूळ नीती आहे. जो मरत नाही त्याने उत्तर दिले पाहिजे. फुल्यांनी अद्भुत नाकारले नाही. त्यांनी त्याला कचेरीत बोलावले.

कचेरीवरून आठवले, रोह्याच्या धावीर महाराजांच्या पालखीला दसऱ्याच्या उत्सवात पोलिसांची सशस्त्र मानवंदना दिली जाते. शासनयंत्रणा ज्याच्यापुढे शस्त्र धरून उभी राहते त्या अद्भुताला आपली समीक्षा मात्र ‘पलायन’ म्हणते! भालचंद्र नेमाडे यांनी मराठी कादंबरीच्या प्रवृत्ती सांगताना ‘यमुनापर्यटन’ (१८५७), ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि ‘मोचनगड’ (१८७१) या कृती प्रवृत्तिदर्शक मानल्या. ही मांडणी ऐतिहासिकदृष्ट्या उपयुक्त आहे यात शंका नाही. परंतु तिच्या आधाराने पुढे जी वर्गखोलीतील मूल्यव्यवस्था तयार झाली, तिच्यात ‘मुक्तामाले’च्या वाटेवरचे सारे काही रंजनाच्या खात्यावर जमा झाले. मग जी. ए. कुलकर्णी यांच्या ‘रमलखुणा’मधील (१९७५) ‘इस्किलार’ आणि ‘प्रवासी’ या कथांचे काय करायचे, हे कोणाला कळेना. कल्पित नगरे, कल्पित नावे, वर्तुळाकार नियती, आणि ज्ञानाच्या गर्वाने निघालेला प्रवासी. ही सामग्री महाकाव्यात्म अद्भुतकथेची आहे. आपण तिला रूपककथा म्हटले, अस्तित्ववाद म्हटले, प्रतीकवाद म्हटले. जे ते आहे ते म्हणण्याची लाज वाटली.

ही लाज निरुपद्रवी नाही. आमच्या भागातील एका विद्यार्थिनीने डोहाकाठच्या आसरा आणि मराठी कथात्म साहित्य या विषयावर संशोधनाचा आराखडा सादर केला होता. तिच्या आजीला सांगता येणाऱ्या कथा पुढच्या पिढीला कोणी सांगणार नाही, याची तिला घाई होती. समितीतील एका विद्वानांनी विचारले, यात समाजवास्तव कोठे आहे? दुसऱ्यांनी विचारले, यात भारतीय परंपरेचे श्रेष्ठत्व कसे सिद्ध होते? आराखडा फेटाळला गेला. तिने ग्रामीण कादंबरीतील स्त्रीचित्रण हा विषय घेतला आणि वेळेत प्रबंध पूर्ण केला. आजी मध्यंतरी गेली.

शब्दाविषयी एक सूचना करून थांबतो. ‘एल्फ’ला मराठीत परी, यक्ष, गंधर्व यांपैकी काहीही म्हणू नये, ‘एल्फ’च म्हणावे. अनुवादकाचे कसब तेथे लागत नाही. ते लागते फेआनोरच्या शपथेसाठी. ‘प्रतिज्ञा’ हा शब्द भीष्माने व्यापला आहे, ‘व्रत’ फार सात्त्विक आहे, आणि ‘शपथविधी’ने ‘शपथ’ पार झिजवून टाकली आहे. आपल्या बोलीत ‘आण’ हा शब्द आहे. आण घेता येते, तशीच ती दुसऱ्याला घालताही येते. ज्याला घातली त्याने मान्य केली नाही तरी ती त्याला लागते. मरणाच्या दारात पडलेला फेआनोर, शत्रूचे बुरूज आपल्या वंशाच्याने कधीच पडणार नाहीत हे शेवटच्या दृष्टीला दिसत असताना, मुलांना त्याच शपथेने पुन्हा बांधतो. त्या क्षणी तो जे करतो त्याला मराठीत ‘आण घालणे’ म्हणतात.